अपघात आणि घातपात यांच्या मधली जागा

लहानपणी हातून बशी पडली की आम्ही भावंडं ओरडायचो, "बशी फुटली!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "फुटली की फोडलीत?" आपल्या भाषेत अशा क्रियापदांच्या जोड्याच आहेत. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे. पहिल्या क्रियापदाला करणारा लागत नाही, दुसऱ्याला तो लागतोच. आईला खरं उत्तर ठाऊक असायचं. बशी आम्ही मुद्दाम फोडलेली नसायची, पण ती आपली आपण फुटलेलीही नसायची. ओल्या हातांनी, पळत, चार बश्या एकावर एक रचून आणताना ती गेलेली असायची.

रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या रस्त्यावरच्या मृत्यूंच्या बातम्या वाचताना मला तो प्रश्न आठवतो. 'लग्नाहून परतणाऱ्या कुटुंबावर काळाचा घाला.' 'काळाने झडप घातली.' 'नियतीचा क्रूर खेळ.' कुणी वाचलाच तर 'देव तारी त्याला कोण मारी.' या मथळ्यांत काळ आहे, नियती आहे, देव आहे. माणूस आला तरी तो असा येतो : 'चालकाचा ताबा सुटला.' ताबा सुटतो, कुणी सोडत नाही. 'भरधाव ट्रकने चिरडले' या वाक्यात कर्ता आहे, पण तो ट्रक आहे. आणि या सगळ्यांवर पांघरूण घालणारं एक वाक्य आहे, 'अपघात झाला.'

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी 'ॲक्सिडेंट' हा सगळ्यात खोलवर रुजलेल्या शब्दांपैकी एक असावा. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा "पोराचा ॲक्सिडेंट झाला" असंच म्हणते. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी 'पडणे' या अर्थाचा धातू आहे. अंगावर येऊन पडतं ते, कोसळतं ते, आपण म्हणतो तसं 'ओढवतं' ते. योगायोग या अर्थाचा 'चान्स', प्रसंग या अर्थाचा 'केस', इस्पितळातली 'कॅज्युअल्टी', हे सगळे शब्द त्याच मुळाचे. जुन्या युरोपीय तत्त्वज्ञानात तर वस्तूच्या मूळ स्वभावात नसलेल्या, केवळ योगाने तिला चिकटलेल्या गुणालाही हाच शब्द वापरत. म्हणजे जे झालं ते न होताही चाललं असतं, त्यामागे काही नियम नाही, हा भाव त्या शब्दात पहिल्यापासून मुरलेला आहे. आजच्या इंग्रजीतही लहान मुलानं चड्डी ओली केली, एखादा शोध चुकून लागला, कुणी श्रीमंताघरी जन्मलं आणि महामार्गावर दहा माणसं मेली, या सगळ्यांना तोच एक शब्द चालतो.

आपला 'अपघात' हा शब्द मुळात इतका निरुपद्रवी नव्हता. त्यातला 'घात' ठार मारण्याच्या धातूपासून आलेला आहे. विश्वासघात, आत्मघात, 'माझा घात केला' या सगळ्यांत घात करणारा कुणीतरी असतो. पण इंग्रजी शब्दाचं भाषांतर म्हणून 'अपघात' कामाला लागला आणि त्याच्यातला करणारा गळून पडला. उरलं ते 'झाला'. बोलण्यातली मराठी मात्र अजून जागी आहे. रस्त्याच्या कडेला जमलेली माणसं "गाडी ठोकली," "त्याला उडवला" असंच म्हणतात. कागदावर उतरताना ते क्रियापद मवाळ होतं.

कुठल्याही शब्दाचा अर्थ कळायचा तर त्याच्या समोर कुठला शब्द उभा केला जातो ते पाहावं. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूच्या बातमीचा ठरलेला मथळा आहे, 'अपघात की घातपात?' मराठी वाचकाला तो इतका सवयीचा झाला आहे की त्यातली फट दिसेनाशी झाली आहे. घातपात म्हणजे कुणीतरी ठरवून जीव घेतला. तसं नसेल तर अपघात, म्हणजे कुणाचाच दोष नाही. या दोन शब्दांच्या मधली जागा रिकामी सोडलेली आहे आणि रस्त्यावर मरणारी बहुतेक माणसं नेमकी त्या जागेत मरतात. त्यांना मारण्याचा कुणाचा हेतू नसतो, पण कुणीतरी करायचं ते केलेलं नसतं. त्या जागेसाठी कायद्याच्या मराठीत एक चांगला, जुना शब्द आहे : हयगय.

विमा कचेरीत गेलात तर त्याच शब्दासमोर दुसराच शब्द उभा असतो. तिथे अपघात नसेल तर आत्महत्या. राज्य सरकारची शेतकरी कुटुंबांसाठी अपघाती मृत्यूनंतर दोन लाख रुपये देणारी योजना आहे. दिल्लीत ३ जून २०१४ रोजी गाडीला बसलेल्या धडकेनंतर ज्यांचं निधन झालं त्या गोपीनाथ मुंडे यांचं नाव तिला दिलेलं आहे. साप चावला, वीज पडली, विहिरीत बुडाला, झाडावरून पडला, सगळं त्यात बसतं. तिथे 'अपघात' हा दयेचा शब्द आहे आणि तो तसाच राहावा. अळीच्या औषधानं गेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला फवारणी करताना विषबाधा झाली हे सिद्ध करायला किती कचेऱ्या हिंडाव्या लागतात हे ज्यांनी पाहिलं आहे, ते त्या शब्दाची किंमत जाणतात.

रेल्वेतही असंच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ साली कलम १२४-अ आलं आणि गाडीतून पडलेल्या प्रवाशाला रेल्वेची चूक सिद्ध न करता भरपाई मिळण्याची सोय झाली. कायद्यात त्याला 'अनुचित घटना' अशा अर्थाचे शब्द आहेत. तरीही वर्षानुवर्षं दाव्यांत भांडण चालायचं ते असं, की माणूस दारात का उभा होता, त्यानं चालती गाडी का पकडली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलं की प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, त्यामुळे भरपाई नाकारता येणार नाही. मुंबई उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना गेलेले त्यात सर्वाधिक. दारात लोंबकळणाऱ्याला आत जागा का नव्हती, हा प्रश्न भरपाईच्या दाव्यात येत नाही, आणि दुसरीकडे कुठे तो विचारला जात नाही.

म्हणजे एकाच शब्दाला तीन वेगवेगळी कामं लावलेली आहेत. घातपात नाही हे सांगणं, आत्महत्या नाही हे सांगणं, आणि कुणाची हयगय नाही हे सुचवणं. पहिली दोन कामं तो प्रामाणिकपणे करतो. तिसरं काम त्याच्याकडून नकळत करून घेतलं जातं. माझा आक्षेप त्या तिसऱ्या कामाला आहे.

कायद्यानं मुळात हा गोंधळ केलेला नव्हता. भारतीय दंड संहितेचं कलम ८०, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम १८, 'अपघात' कशाला म्हणायचं ते सांगतं. कृती कायदेशीर हवी, कायदेशीर रीतीनं आणि साधनांनी केलेली हवी, मनात गुन्ह्याचा हेतू वा जाणीव नको, आणि शेवटची अट अशी की योग्य ती काळजी आणि सावधगिरी घेतलेली हवी. एवढं असेल तरच तो अपघात आणि तेव्हाच माणूस सुटतो. काळजी घेतलीच नसेल तर त्या कलमाच्या अर्थानं तो अपघात नाहीच. तरीही आपण तपास सुरू होण्याआधी, पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत, जे सिद्ध व्हायचं आहे ते नाव म्हणून देऊन टाकतो.

हयगयीनं मृत्यू घडवण्याचा गुन्हा १८६० च्या मूळ संहितेत नव्हता. कलम ३०४-अ १८७० साली घातलं गेलं. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या, टांगे आणि घोडे होते. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा तेव्हा ठरली आणि मोटारी आल्या, ट्रक आले, द्रुतगती महामार्ग झाले तरी ३० जून २०२४ पर्यंत तीच राहिली. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. धडक देऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं पोटकलम मात्र ट्रकचालकांच्या जानेवारी २०२४ मधल्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. ते खोटं नव्हतं. त्याकडे मी पुन्हा येतो.

न्यायालयात शब्द किती सरकू शकतो याचं उदाहरण मुंबईतच आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मेले. सत्र न्यायालयानं हयगयीच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं तोच प्रसंग सदोष मनुष्यवधाच्या कलमात बसवला, कारण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असते. शिक्षा तीन वर्षांची झाली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. रात्र तीच, गाडी तीच, मेलेली सात माणसं तीच. बदललं ते त्या घटनेचं नाव. आणि तिथे झोपलेल्या मजुरांना झोपायला फुटपाथ सोडून दुसरी जागा का नव्हती हे कुठल्याच कलमात आलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा मामेभाऊ उसाच्या हंगामात, रात्री साडेनऊच्या सुमारास दुचाकीवरून घरी येत होता. आमच्या फाट्याच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा होता. मागे दिवा नव्हता, परावर्तक पट्टी नव्हती, उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना आलेल्या होत्या. तो मागून आदळला. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. पोलिसांच्या कागदावर जे वाक्य आलं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात ठरलेलं आहे : 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला.' मेलेल्या मुलाविरुद्ध गुन्हा. मामीला ते वाचून दाखवायची हिंमत घरात कुणाला झाली नाही.

म्हणून 'अपघात' म्हणू नका, गुन्हेगार शोधा, एवढंच मला म्हणायचं नाही. कर्ता शोधायचाच तर सगळ्यात जवळचा, सगळ्यात सोपा शोधला जातो, आणि बहुतेक वेळा तो चालक असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. दिवसाला सुमारे ४६०. महाराष्ट्रातले पंधरा हजारांहून अधिक. देशभरातल्या या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या रकान्यात आहेत. त्या रकान्यात माझा मामेभाऊही असणार. ट्रॉलीला पट्टी नव्हती यासाठी वेगळा ठळक रकाना नाही. वळणाचा उतार चुकलेला, दुभाजकाला गावकऱ्यांनी नाइलाजानं पाडलेलं भगदाड, सहा पदरी रस्ता ओलांडायला पूलच न दिलेला, उघडा काँक्रीटचा खांब, हे सगळं शेवटी चालकाच्या वेगात विरघळून जातं. 'अपघात' शब्दानं सगळेच सुटतात, 'भरधाव' शब्दानं एक सोडून सगळे सुटतात.

समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस कठड्याला आदळून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी गेले. पुढचे कित्येक दिवस चर्चा कशावर झाली? टायर फुटला की चालकाला डुलकी लागली. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण ती बस दाराच्याच अंगावर पडली होती, दार खाली दबलं होतं. आतली माणसं आदळून नव्हे, बाहेर पडता न आल्यानं होरपळून मेली. चालकाला डुलकी लागणारच हे गृहीत धरून बस बांधता येते, रस्ता आखता येतो, थांबे देता येतात. रात्रभर एकसुरी सरळ रस्त्यावर गाडी हाकणाऱ्या माणसाला झोप येते, यात अनपेक्षित काय आहे?

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. अपघात म्हणजे जे आधी सांगता येत नाही ते. पण आपल्या रस्त्यांवर ठिकठिकाणी सरकारी फलक उभे आहेत : 'अपघातप्रवण क्षेत्र. वाहने सावकाश चालवा.' प्रवण म्हणजे कल असलेलं. म्हणजे इथे माणसं मरतात, पुढेही मरतील, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. त्याची शासकीय व्याख्याही आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीच्या पाच घटना, किंवा दहा मृत्यू, झाले की त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. जागा ठाऊक, संख्या ठाऊक, बहुतेकदा वेळही ठाऊक. एवढं माहीत असलेल्या गोष्टीला अकस्मात कसं म्हणायचं? तरी ठाण्यात नोंद होते ती 'अकस्मात मृत्यू' म्हणून.

हे आपल्याकडेच आहे असं नाही, आणि बदल होत नाही असंही नाही. लंडनमध्ये १७ ऑगस्ट १८९६ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाईला मोटारीची धडक बसून मृत्यू आला. ब्रिटनमध्ये मोटारीखाली गेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद होते. चौकशीच्या ज्युरीनं निर्णय दिला, 'अपघाती मृत्यू'. तिथून शंभर वर्षं तोच शब्द चालला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं 'धडका म्हणजे अपघात नव्हेत' अशी मोहीम काढली. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं आपल्या पानांवर या शब्दाला बंदी केली, कारण दुखापती बहुतांशी आधी सांगता येण्याजोग्या आणि टाळता येण्याजोग्या असतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या तपास पथकाच्या नावातून तो काढून 'टक्कर' या अर्थाचा शब्द घातला.

नेदरलँड्सचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे शब्द कचेरीतून नव्हे, शोकातून आला. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यात चारशेहून अधिक मुलं होती. फिक लाँगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यातली एक. त्यानं लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, 'बालहत्या थांबवा'. 'अपघात' म्हणायचं त्यानं नाकारलं. तो मथळाच चळवळीचं नाव झाला. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, गल्ल्या मोटारींना बंद केल्या, सायकलींचे वेगळे मार्ग मागितले. आज ज्या डच सायकलमार्गांचे फोटो आपण कौतुकानं एकमेकांना पाठवतो, त्यांच्या मुळाशी ती मुलं आहेत. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये 'शून्य मृत्यू' हे धोरण म्हणून स्वीकारलं आणि त्याचा गाभा असा होता, की माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. त्या वेळी तिथे वर्षाला पाचशेहून अधिक मृत्यू होत. आता अडीचशेच्या आत आहेत.

नुसता शब्द बदलून काय होणार, असं मला अनेकांनी विचारलं आहे. त्यांना मी परदेशातलं नाही, आपल्याच घरातलं उत्तर देतो. चाळीसएक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं काढून पाहा. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' किती तरी बातम्या, सगळ्या आतल्या पानावर, चार ओळींच्या. स्टोव्ह भडकायचा. तो सासूचा कधी भडकत नसे, नवऱ्याचा भडकत नसे, नेमका नव्या सुनेचा भडकत असे. तो अपघात होता, कारण सगळे त्याला अपघात म्हणत होते. स्त्री संघटनांनी त्याला 'हुंडाबळी' म्हणायला सुरुवात केली. मोर्चे निघाले, घरांसमोर निदर्शनं झाली. १९८३ मध्ये दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं. १९८६ मध्ये ३०४-ब आलं आणि लग्नानंतर सात वर्षांत सून अशा रीतीनं मेली, आणि त्याआधी हुंड्यापायी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर सासरच्यांनी उत्तर द्यायचं असं ठरलं. स्टोव्ह तेच होते, रॉकेल तेच होतं. शब्द बदलल्यावर पोलिसांना काय शोधायचं ते कळू लागलं. हुंडाबळी संपले नाहीत हे मला माहीत आहे. पण आज 'स्टोव्हचा भडका' एवढं लिहून कुणी फाइल मिटवू शकत नाही.

आता त्या ट्रकचालकांच्या भीतीकडे. 'अपघात' हा शब्द जमावापासून माणसाला वाचवतो, "ओ, मुद्दाम नाही केलं हो त्यानं" असं म्हणायला जागा ठेवतो, हे खरं आहे. ती जागा जायला नको. खऱ्या अर्थानं अटळ असे प्रसंगही असतात. अचानक मूल आडवं येतं, सावकाश चाललेल्या माणसाच्या हातूनही जीव जातो, आणि तो माणूस जन्मभर झोपू शकत नाही. त्याला खुनी ठरवणारा शब्द मला नको आहे. म्हणूनच मला 'हत्या'ही नको. मराठीत एक साधा, खरा, कुणावरही आरोप न करणारा शब्द आहे : धडक. धडक बसली एवढंच तो सांगतो. का बसली हे विचारायची दारं तो उघडी ठेवतो. 'भीषण अपघातात चौघांचा मृत्यू' याऐवजी 'ट्रक आणि मोटारीच्या धडकेत चौघांचा मृत्यू' लिहायला एकही शब्द जास्त शिकावा लागत नाही. आणि तपासात हयगय सिद्ध झाली, मग ती चालकाची असो, बसमालकाची असो, ठेकेदाराची वा अभियंत्याची, तर 'हयगयीचे बळी' असं स्पष्ट म्हणावं. ज्या कुटुंबाला विमा हवा, भरपाई हवी, त्यांच्यासाठी 'अपघात' कायद्यात आहे तसा राहू द्यावा. मोटार वाहन कायद्याचं सुधारित कलम १६४ कुणाची चूक सिद्ध न करता मृताच्या कुटुंबाला पाच लाख रुपये द्यायला सांगतंच.

त्याच कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं आहे. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यानं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एका जिवाला एक लाख ही रक्कम लाजिरवाणी आहे, पण कायद्यानं रस्ता बांधणाऱ्याला प्रथमच कर्ता म्हटलं आहे. हे कलम वापरायचं तर आधी पंचनाम्यात रस्ता आला पाहिजे. आणि पंचनाम्यात रस्ता यायचा तर 'अपघात झाला' या वाक्यानं तपास संपता कामा नये.

हे होऊ शकतं याचा पुरावा मुंबई आणि पुण्याच्या मधेच पसरलेला आहे. २००२ साली पूर्ण झालेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग बरीच वर्षं मृत्यूचा सापळा म्हणूनच ओळखला जायचा. २०१६ साली तिथे १५१ मृत्यू झाले. त्या सुमाराला रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं. प्रत्येक मृत्यूची जागा पाहायची, गाडी कशाला आदळली ते मोजायचं, तिथे कठडा लावायचा, उघडे खांब झाकायचे, बंद पडलेली वाहनं लवकर हलवायची, जखमीपर्यंत मदत किती मिनिटांत पोहोचली ते नोंदवायचं. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच घाटातून, तेच मराठी, गुजराती, कानडी चालक गाड्या हाकत होते. काळ रजेवर गेला नव्हता.

संपादकांना माझी विनंती आहे की रस्त्यावरच्या मृत्यूच्या बातमीत 'काळाचा घाला' हे शब्द निदान एक वर्ष वापरू नयेत. त्याऐवजी एक ओळ असावी : याच जागी गेल्या तीन वर्षांत किती मेले. ती संख्या पोलिसांकडे असते. आता धडकांची माहिती घटनास्थळावरूनच संगणकावर भरली जाते, त्यामुळे विचारलं तर मिळतेही. पोलिसांनी ठरलेलं वाक्य लिहिण्याआधी ट्रॉलीच्या मागे पट्टी होती का, दिवा होता का, रस्त्यावर प्रकाश होता का, हे लिहावं. कारखान्यांनी पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये. हंगामात प्रत्येक ट्रॉली त्या काट्यावरून जातेच, त्यासाठी वेगळा नाका उभारावा लागत नाही.

आमच्या फाट्यावर मामेभाऊ जायच्या आधीपासून 'अपघातप्रवण क्षेत्र'चा पिवळा फलक होता. तो गेल्यावर गावानं रास्ता रोको केला, तेव्हा दोन दिवसांत गतिरोधक झाला. दिवे यायला आणखी दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दूध घालून परतताना गेले. फलक अजून तिथेच आहे. मामी एसटीतून जाताना त्या बाजूला बघत नाही. त्या फलकावर 'सावकाश चालवा'च्या खाली आणखी तीन ओळी लिहिल्या जाव्यात, अशी मागणी मी ग्रामसभेत केली आहे : इथे आजवर किती माणसं मेली, ही जागा दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची आहे, आणि त्याला कोणत्या तारखेपर्यंत मुदत आहे.